बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग (जाळी विणणं) स्वतः करताय? मशीनच्या दांडीवर २४ पौंड, जाळीत मात्र ढिलं. चूक नेमकी कुठे?

आडवा_उभा

ड्रॉप-वेट मशीन आहे, म्हणजे दांडीवरच्या वजनाने स्ट्रिंग ओढणारं. फ्रेमला आधार फक्त दोन, वर १२ वाजता आणि खाली ६ वाजता. क्लॅम्प (ओढलेली स्ट्रिंग धरून ठेवणारे चिमटे) दोन, दोन्ही फ्लाइंग, म्हणजे सुटे. स्ट्रिंग ०.७० मिमी नायलॉन. रॅकेट ४यू (वजनाची श्रेणी), कोनवर, म्हणजे मुठीच्या वरच्या निमुळत्या भागावर, कमाल २८ पौंड छापलंय. २२ उभ्या स्ट्रिंग, २१ आडव्या, दोन वेगळे तुकडे, आडव्या खालून वर. उभ्या-आडव्या दोन्हींना २४ पौंड.

तीन रॅकेटवर जवळपास सारखेच दोष आले:

रिकाम्या फ्रेमच्या मानाने डोकं लांबीला ३ मिमी कमी भरतं, रुंदीला २ मिमी जास्त.

वरच्या चार-पाच आडव्या बोटाने ढकलल्या की सहज सरकतात. खालच्या घट्ट आहेत.

एका रॅकेटची स्ट्रिंग तिसऱ्या दिवशी वरच्या बाजूला ग्रॉमेटलगत (फ्रेमच्या भोकातली प्लास्टिकची नळी) तुटली. जाळीच्या मध्यभागी घासल्याची खाचसुद्धा नव्हती.

आवाज बद्द येतो. २४ ला असा यायला नको.

वजन सरकवून २६ करावं का? की चूक दुसरीकडेच आहे?

---

ताणकाटा

वजन आत्ता वाढवू नका. उभ्या-आडव्या दोन्ही २६ केल्यात तर फ्रेम आणखी आखूड आणि रुंद होईल. वरच्या आडव्या तरीही सैलच राहतील, कारण दोष वजनात नाही.

दांडीवरचा आकडा म्हणजे ओढणीचं बळ. जाळीत त्यातलं किती उरतं ते नंतर काय काय होतं त्यावर ठरतं. ओढल्यावर स्ट्रिंग क्लॅम्पमधून मागे येते, आडवी २२ उभ्यांवर घासते, ग्रॉमेटच्या वळणावर अडते, शेवटी गाठीत थोडी ढिली होते. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळतं. तुमच्याकडे सगळ्यात जास्त गळती आडव्यांत आहे, आणि फ्रेमच्या मापात तीच दिसतेय.

उभ्या ओढल्या की डोकं वर-खाली दाबलं जातं आणि बाजूंना फुगतं. नंतर आडव्या बाजूंना आत खेचतात आणि लांबी परत मिळते. म्हणून शेवटी आखूड-रुंद राहिलेली फ्रेम म्हणजे आडव्या कमी पडल्या. उलट लांबट-अरुंद झाली असती तर आडव्या जास्त झाल्या म्हटलं असतं. मिलिमीटरभराच्या फरकाने बिघडत नाही. २ मिमीच्या वर गेलं की कारण शोधायचं. माप दर वेळी त्याच दोन बिंदूंवर, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या, आणि मूळ माप रिकाम्या फ्रेमचंच धरा. जुनं गटिंग असताना घेतलेलं माप त्या गटिंगच्या चुका धरूनच आलेलं असतं.

आता काय बदलायचं ते. उभ्या २४ असतील तर आडव्या २६ ठेवा. आडव्यांना पाच ते दहा टक्के जास्त देणं ही सर्वसाधारण पद्धत आहे, ते घासण्यात जाणारं बळ भरून काढण्यासाठीच. पण नुसतं वजन सरकवून भागत नाही, आडवी ओढण्याची रीत सुधारावी लागते.

आडवी विणून झाली की ती सरळ रेषेत नसते, नागमोडी असते, कमानीसारखी वर झुकलेली असते. तशीच ओढून क्लॅम्प लावला आणि मग बोटांनी सरळ केली तर वाकडेपणात अडकलेली लांबी मोकळी होते. ती लांबी म्हणजे थेट सैलपणा. म्हणून वजन टांगलेलं असतानाच आडवी बोटांनी सरळ करायची, डावीकडून उजवीकडे दोन-दोन उभ्यांच्या मधे हलकेच दाबत. असं केलं की दांडी खाली येताना दिसेल. ती उचलून पुन्हा आडवी करा, मग क्लॅम्प. या एका सवयीने वरच्या आडव्यांचा निम्मा प्रश्न सुटावा.

दांडीच्या कोनाची भीती मात्र बाळगू नका. बळ कोनाच्या कोसाइनप्रमाणे बदलतं. दांडी ५ अंश कलली तर तूट अर्ध्या टक्क्याहून कमी, १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना मात्र सहा टक्के. म्हणजे २४ चे साडेबावीस. तेव्हा साधारण आडवी असली की पुरे, त्यासाठी दहा वेळा दांडी उचलत बसू नका. जपायचं ते दांडी सोडताना. हातातून सुटली की झटक्याने क्षणभर कितीतरी जास्त बळ लागतं आणि स्ट्रिंग ग्रिपरपाशी (मशीनवर स्ट्रिंगचं टोक धरणारा भाग) दबते. हाताने टेकवत सोडा, चार-पाच सेकंद थांबा. हे थांबणं प्रत्येक स्ट्रिंगला सारखंच हवं. एकीला दोन सेकंद, दुसरीला फोन येऊन गेला म्हणून मिनिटभर, असं झालं की जाळी असमान होणारच.

---

मोकळा_क्लॅम्प

ताणकाटांचं पटलं, पण वरच्याच आडव्या का सैल, याला आणखी एक कारण आहे आणि ते फ्लाइंग क्लॅम्पचं.

फ्लाइंग क्लॅम्प मशीनला बांधलेला नसतो, शेजारच्या स्ट्रिंगला धरून उभा असतो. वजन उचललं की तो किंचित तिरका होतो आणि स्ट्रिंग तेवढी मागे जाते. समजा १८ सेंमीची मधली आडवी ओढल्यावर १८ मिमी ताणली गेली. त्यातले २ मिमी मागे गेले तर नवव्या हिश्श्याचं टेन्शन गेलं. वरची शेवटची आडवी १२ सेंमी, तर तीच स्ट्रिंग त्याच बळाला १२ मिमी ताणेल. मागे जाणारे तेच २ मिमी, पण आता ते सहावा हिस्सा झाले. क्लॅम्प तोच, माणूस तोच, तरी टोकाच्या आखूड आडव्यांना मार जास्त बसतो. (ताणाचे आकडे हिशेबापुरते घेतलेत, स्ट्रिंगप्रमाणे बदलतात.)

तुमच्याकडे किती मागे जातं ते पाहणं सोपं आहे. वजन टांगलेलं असताना फ्रेमच्या कडेशी, ग्रॉमेटच्या तोंडाजवळ स्ट्रिंगवर मार्करने बारीक खूण करा. क्लॅम्प लावा, वजन उचला, खूण किती सरकली पाहा. एक मिमीपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर:

क्लॅम्प फ्रेमच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. मधे दोन बोटं जागा सोडणं ही नेहमीची चूक.

आधीच्या स्ट्रिंगवरचा क्लॅम्प केव्हा काढायचा, तर पुढच्या स्ट्रिंगला वजन टांगल्यावर. आधी नाही. टांगल्यावर काढला की गेलेल्यातलं थोडं परत ओढलं जातं, दांडी जरा खाली येते, ती सारखी करा आणि मग नव्या स्ट्रिंगला क्लॅम्प.

जबड्यांची पकड जाडीप्रमाणे बदला. ०.७० वर बसवलेला क्लॅम्प ०.६५ वर घसरतो. उभ्या-आडव्यांची जाडी वेगळी असलेले संच येतात, उदा. योनेक्स एअरोबाइटमध्ये उभी ०.६७ आणि आडवी ०.६१. तिथे उभ्या संपल्यावर पकड पुन्हा जुळवायलाच लागते. घसरतोय म्हणून एकदम आवळून टाकलात तर स्ट्रिंग चपटी होते, तिथे पांढुरका डाग पडतो, पुढेमागे तिथेच तुटते. म्हणून आवळण्याआधी दात साफ करा. स्ट्रिंगवरच्या लेपाची भुकटी दातांत साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दर आठ-दहा रॅकेटनंतर.

---

ग्रॉमेटगुरू

तिसऱ्या दिवशी तुटलेल्या स्ट्रिंगबद्दल कुणी बोललंच नाही.

कुठे तुटली यावरून कशाने तुटली हे बरंचसं कळतं. मध्यभागी, दोन स्ट्रिंग एकमेकींना छेदतात तिथे खाच पडून तुटली तर ती झिजून गेली, तक्रार नाही. क्लॅम्प बसतो त्या जागी चपटी होऊन तुटली तर क्लॅम्पचा दोष. गाठीपाशी तुटली तर गाठ ओढण्यात दोष. ग्रॉमेटच्या तोंडाशी तुटली तर तीन संशयित: फटका फ्रेमलगत बसला, ग्रॉमेट फाटलेलं आहे, किंवा टोचा (भोकात जागा करायची टोकदार सळई) लागून स्ट्रिंग आधीच चिरली होती. पहिला खेळणाऱ्याचा दोष, बाकीचे दोन गटिंग करणाऱ्याचे.

ग्रॉमेट नुसतं बघून कळत नाही. कापसाचा पातळ पीळ करून प्रत्येक नळीतून ओढा. तंतू अडकले तर आत कड फाटलेली आहे. ते ग्रॉमेट बदला. सुटं बदलता येत असेल तर सुटं, पट्टीचं असेल तर अख्खी पट्टी. नवं ग्रॉमेट आतून फार लांब येत असेल तर धारदार पात्याने कापा, पण कापलेल्या कडेला कुसळ राहू देऊ नका, नाहीतर नवीनच करवत बसवलीत. डोक्याच्या वरच्या भागातली ग्रॉमेट सगळ्यात आधी जातात, कारण जमिनीला घासतो तोही तोच भाग. बदलायला ग्रॉमेट हाताशी नसेल तर नळीत बसेल अशा पातळ टणक प्लास्टिक नळीचा ८-१० मिमीचा तुकडा सरकवून तात्पुरतं भागतं.

आता टोचा. काही भोकांतून उभी आणि आडवी दोन्ही जातात. उभी आधीच ताणलेली, तिच्या शेजारून आडवी घालायला जागा नाही, म्हणून लोक टोचा घालून फिरवतात. तिथेच उभी चिरते. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरोबर तिथेच तुटते.

टोचा लागूच नये अशी सोय आधीच करून ठेवता येते. उभ्या घालताना सामायिक भोकांतून जुन्या स्ट्रिंगचा दहा सेंमीचा तुकडा सोबत घालून ठेवा. उभी ओढली तरी त्या तुकड्याइतकी जागा राहते. आडवीची पाळी आली की तुकडा बाहेर ओढायचा आणि लगेच त्याच वाटेने आडवी सारायची. चार-पाच तुकडे लागतात, जुन्या गटिंगमधून फुकट मिळतात.

तरीही टोचा लागलाच तर टोक गोल, गुळगुळीत असलेला घ्या, थोडं मेण लावा, भोकाच्या रिकाम्या बाजूने सरळ ढकला. फिरवायचा नाही. आणि आडवीचं टोक तिरकं, ४५ अंशात कापलेलं असू द्या, पेन्सिलीसारखं. बोथट, चुरगळलेलं टोक घेऊन भोकाशी झुंजत बसण्यापेक्षा दर तीन-चार आडव्यांनंतर टोक नव्याने कापलेलं बरं.

---

आडवा_उभा

खूण करून पाहिली. जवळजवळ ३ मिमी मागे जातंय. क्लॅम्प फ्रेमपासून लांब लागत होता, हे खरं. तुटलेल्या जागेच्या भोकातून कापसाचा पीळ स्वच्छ निघाला, पण ते सामायिक भोक आहे आणि टोचा फिरवला होता. म्हणजे तिसरा संशयित.

दोन शंका. आडवी ओढून घेताना उभ्यांवर चर्र असा आवाज येतो. याने उभ्या खराब होतात का? आणि दोन टोकांच्या आधारावर फ्रेम कितपत घट्ट बसवायची?

---

ताणकाटा

होतात. नायलॉनवर नायलॉन जोरात घासलं की उष्णता होते आणि उभीवर बारीक चर पडतो. विणलेली आडवी एकाच रेषेत सरसर ओढली की सगळी लांबी, सुरुवातीला तीन-चार मीटर, उभीच्या एकाच बिंदूवरून जाते. म्हणून ओढताना आडवी वर-खाली हलवत, पंख्यासारखी फिरवत ओढा, म्हणजे घासणं एका जागी होत नाही. घाई करू नका. एक हात ओढणारा, दुसरा बाहेरचा फास सोडवत नेणारा. त्या फासाला पीळ पडून आटा बसला तर ती जागा कायमची कमजोर. आटा उलगडून सरळ दिसला तरी आत तंतू मोडलेले असतात, तो भाग जाळीच्या मध्यात येऊ देऊ नका.

यावरच दुसरी सवय, एक आडवी पुढे विणून ठेवणे. म्हणजे सहावी ओढण्याआधी सातवी विणून घ्यायची. सहावी अजून सैल असते म्हणून उभ्या वर-खाली सहज होतात, विणणं हलकं जातं. सहावी ताणून घट्ट केल्यावर तिच्या लगत सातवी घालायला गेलात तर प्रत्येक उभीशी झटापट. शेवटच्या चार-पाच आडव्यांना तर पुढे विणल्याशिवाय बोटांची सालं निघतात.

आधाराबद्दल: दोन बिंदूंच्या मशीनवर आतले आधार वर आणि खाली फ्रेमला टेकलेले हवेत, मधे कागद सरकण्याइतकीही फट नको. फट राहिली तर उभ्या ओढताना फ्रेम आधी तेवढी दबते आणि मग आधार लागतो. तुमच्या ३ मिमीत याचाही वाटा असू शकतो. पण स्क्रू पिळून रिकामी फ्रेमच लांब करायची नाही. फ्रेम बसवायच्या आधी आणि बसवल्यावर माप घ्या, दोन्ही सारखी हवीत.

उभ्या ओढताना एक बाजू दुसरीच्या दोन स्ट्रिंगपेक्षा पुढे जाऊ देऊ नका. डावीकडच्या सहा ओढून मग उजवीकडे वळणं म्हणजे फ्रेमला मुरगळणं. दोन बिंदूंवर बाजूंना धरायला काहीच नसतं, त्यामुळे उभ्या २४-२५ च्या वर न्यायच्या असतील तर सहा बिंदूंचं मशीन घ्या. तिथेही बाजूचे हात फ्रेमला नुसते टेकलेले असावेत, दाबलेले नसावेत.

---

निसरगाठ

गाठींबद्दल थोडं, कारण हातात नवीन मशीन आलेले बहुतेक लोक इथेच घोळ घालतात.

गाठ कुठल्याही भोकापाशी मारायची नाही. त्यासाठी ठरलेली, जराशी मोठी ग्रॉमेट असतात. कोणती ते कंपनीच्या तक्त्यात असतं. तक्ता नसेल तर जुनं गटिंग कापायच्या आधी फ्रेमचे चारही बाजूंनी फोटो काढा: गाठी कुठे आहेत, मधल्या दोन उभ्यांचा फास खाली आहे की वर, कुठलं भोक सोडलं आहे. तीन रॅकेट एकाच कंपनीच्या असल्या तरी नमुना एकच असेल असं धरू नका. भोक चुकून एक पुढे-मागे झालं तर दहा स्ट्रिंगनंतर कळतं, आणि मग उलगडण्याशिवाय उपाय नसतो.

साधी दुहेरी अर्धी गाठ पुरते: टोक आधाराच्या स्ट्रिंगभोवती फिरवून तयार झालेल्या फासातून काढा, आवळा, त्याच दिशेने पुन्हा एकदा तसंच करा. पहिली अर्धी गाठ नीट आवळून फ्रेमला टेकल्याशिवाय दुसरी मारायची नाही. आवळायला हात किंवा छोटी पक्कड. गाठ मशीनने, वजन टांगून आवळू नका. असं करताना आधाराची स्ट्रिंग कापली जाते किंवा गाठ ग्रॉमेटमध्ये घुसते, आणि एकदा आत घुसलेली गाठ रोज थोडी थोडी सरकते. पक्कडसुद्धा टोकाच्या टाकाऊ भागावर धरायची, गाठीलगत नाही. शेपूट ५ मिमी ठेवा. गाठीला भिडवून कापलं तर सुटतं. लायटरने टोक वितळवण्याचा प्रकार तर अजिबात नको, शेजारची ताणलेली स्ट्रिंग तापते आणि पुढच्या स्मॅशला हिशेब चुकता करते.

गाठीच्या आधीच्या शेवटच्या ओढीला २ पौंड जास्त द्या. क्लॅम्प काढल्यावर गाठ बसते तेवढं त्यातून जातं.

---

मोकळा_क्लॅम्प

या २ पौंडांशी पूर्ण सहमत नाही. गाठ नीट बसली असेल तर तेवढी तूट येत नाही, आणि मग कडेची उभी शेजारणीपेक्षा घट्ट राहते. कमाल टेन्शनच्या जवळ काम करत असाल तर छापलेली मर्यादाही ओलांडली जाते. २७ वर २ म्हणजे २९, कोनवर २८. आधी गाठ सुधारा, मग गरज वाटली तर १ द्या.

---

निसरगाठ

कमालीजवळ नको, हे मान्य. पण फ्लाइंग क्लॅम्प असलेल्याला २ दिल्याशिवाय शेवटची उभी लोंबलेलीच मिळते. स्थिर क्लॅम्प असते तर मीही १ म्हटलं असतं.

---

दहा_मीटर

लांबीचा हिशेब कुणी दिला नाही म्हणून. सुट्या पाकिटात १० मीटर येते. दोन तुकड्यांसाठी उभ्यांना ५.२ ते ५.३, उरलेली आडव्यांना. ड्रॉप-वेटच्या ग्रिपरला गुंडाळायला शेवटी वीस-पंचवीस सेंमी टोक लागतं, ते या मापात धरलेलं आहे. बरोबर मधोमध, ५-५ कापलीत तर उभ्यांची शेवटची ओढ ग्रिपरपर्यंत पोचत नाही आणि लोक ती हाताने ओढून गाठ मारतात. कडेची उभी सैल असण्याचं हे अगदी साधं आणि नेहमीचं कारण. टोक कमी पडलंच तर टाकाऊ तुकडा गाठीने जोडून ग्रिपरपर्यंत न्या, हाताने ओढू नका.

एकाच तुकड्यात करायचं असेल तर आखूड बाजूला सुमारे २.७ मीटर ठेवा, बाकीची लांब बाजू उभ्या संपवून आडव्यांना जाते. गाठी चारच्या दोन होतात. पण आडव्यांना वेगळी जाडी हवी असेल तर हा मार्ग बंद, आणि आडव्या वरून की खालून सुरू करायच्या हेही मग उभ्या कुठे संपतात त्यावर ठरतं. फ्रेमसाठी सांगितलेली दिशा तक्त्यात असते, ती जुळत नसेल तर दोनच तुकडे करा.

२०० मीटरच्या रीळमधून घेत असाल तर वेटोळ्याची सवय स्ट्रिंगला फार असते. कापल्यावर पूर्ण उलगडून, एक टोक कुठेतरी अडकवून हाताने हलकं ताणून धरा. एवढ्याने वेटोळं जातं आणि विणताना गुंता होत नाही. याच्या पलीकडे जोर लावून आधीच ताणून ठेवणं, ज्याला प्री-स्ट्रेच म्हणतात, वेगळी गोष्ट आहे. त्याने नंतरची ढिलाई कमी होते, पण स्ट्रिंगची लवचीकताही थोडी कमी होते. इलेक्ट्रॉनिक मशीनवर १० टक्के अशी ठरावीक सोय असते. हाताने अंदाजे करू नये, दर रॅकेटला वेगळं होतं.

---

ग्रॉमेटगुरू

विणकामातली चूक राहिली. बॅडमिंटनच्या नियमांतच म्हटलंय की जाळीच्या स्ट्रिंग एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने विणलेल्या किंवा जोडलेल्या असाव्यात, आणि जाळी साधारण एकसारखी असावी, मध्यभागी इतर जागेपेक्षा विरळ नसावी. म्हणजे एक आडवी लागोपाठ दोन उभ्यांच्या वरून गेली तर ती नुसती दिसायला वाईट नाही, नियमाबाहेरची आहे. वर तिथे स्ट्रिंग जास्त सरकते आणि लवकर झिजते.

शोधायची रीत: रॅकेट डोळ्यांच्या पातळीला तिरकी धरा आणि एकाच उभीकडे वरून खाली बघत या. आडव्या वर-खाली, वर-खाली अशा दिसल्या पाहिजेत. दोनदा वर दिसलं की चूक. हे प्रत्येक आडवी ओढण्यापूर्वी बघा, पाच सेकंद लागतात. कडेच्या दोन उभ्यांपाशी चूक सर्वात जास्त होते, कारण तिथे फ्रेममुळे बोटं नीट जात नाहीत. ओढून पाच आडव्या पुढे गेल्यावर दिसली तर पाचही मागे काढाव्या लागतात. मधून एक सोडवून घालण्याची युक्ती शोधू नका, नाही ती.

---

आडवा_उभा

वरचं सगळं धरून एक रॅकेट पुन्हा केली. उभ्या २४, आडव्या २६, क्लॅम्प फ्रेमलगत, प्रत्येक आडवी वजन असताना सरळ केली, सामायिक भोकांत तुकडे ठेवले. टोचा एकदाही लागला नाही. माप: लांबीला १ मिमी कमी, रुंदीत फरक कळत नाही. वरच्या आडव्या आता सरकत नाहीत, फक्त सगळ्यात वरची किंचित.

फोनवरच्या अ‍ॅपने जाळीवर टिचकी मारून आवाजाची वारंवारता पाहिली. लगेच ११५० हर्ट्झ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०९०. एवढी घट म्हणजे पुन्हा काही चुकलं का?

---

ताणकाटा

चुकलेलं नाही. नायलॉन ताणात ठेवलं की हळूहळू लांबतं आणि सगळ्यात वेगाने पहिल्या दिवसात लांबतं. फक्त हर्ट्झमधली घट आणि टेन्शनमधली घट एकच समजू नका. टेन्शन वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलतं. १०९० भागिले ११५० म्हणजे ०.९४८, त्याचा वर्ग ०.९०. हर्ट्झमध्ये पाच टक्के गेले तर टेन्शनमध्ये दहा. आता तिसऱ्या, चौथ्या दिवशी बघा, घसरण मंदावली पाहिजे. त्याच वेगाने चालू राहिली तर एखादी गाठ सरकतेय असं समजा आणि चारही गाठी तपासा. ही तुलना त्याच रॅकेटची, त्याच स्ट्रिंगची तिच्याशीच करायची. ०.६५ आणि ०.७० च्या आकड्यांची बरोबरी करू नका, पातळ स्ट्रिंग हलकी म्हणून तेवढ्याच टेन्शनला उंच वाजते.

मशीनचं वजन खरं किती ओढतं हेही एकदा तपासा. स्प्रिंगचा काटा ग्रिपर आणि फ्रेमच्या मधे स्ट्रिंगने अडकवा, दांडी आडवी होऊ द्या, वाचा. २४ पौंड म्हणजे १०.९ किलो, २६ म्हणजे ११.८. अर्ध्या पौंडाने चुकत असेल तर दांडीवर नवी खूण करा आणि पुढे तीच धरा.

सगळ्यात वरची आडवी किंचित सरकणं चालतं. तिथे बहुतेक सगळ्यांची सरकते.

---

दहा_मीटर

आणि ते जुनं गटिंग काढताना कसं कापलंत? आधी सगळ्या उभ्या, मग आडव्या, असं असेल तर फ्रेमच्या मापात त्याचाही हात असू शकतो. मधोमधपासून सुरू करा, एक उभी एक आडवी अशा जोडीने बाहेरच्या बाजूला सरकत जा, म्हणजे ताण चारही बाजूंनी सारखा उतरतो. खेळताना एक स्ट्रिंग तुटली तरी लगेच, कोर्टाच्या कडेलाच, बाकीची अशीच कापून टाका. तुटलेली तशीच बॅगेत ठेवली की एका बाजूचा ताण गेलेला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच, आणि फ्रेम रात्रभर त्या तिरक्या ओढीत राहते.

---

आडवा_उभा

आधी सगळ्या उभ्याच कापल्या होत्या. तिन्ही रॅकेटच्या. उरलेल्या दोन उद्या मधूनच कापतो.